थडीवरची झाडं

पुरात कोणतं झाड गेलं आणि कोणतं राहिलं, हे पुराच्या दिवशी कळत नाही. उन्मळून पडलेली तेवढी दिसतात. उभी आहेत ती वाचली असं आपण धरून चालतो आणि पुढच्या निस्तरण्याला लागतो. झाडांचा हिशेब लागतो तो पाणी ओसरल्यावर, तीन-चार आठवड्यांनी. तोवर तिकडे बघायला कुणाला सवड नसते.

२०२५चा पावसाळा मराठवाड्याला असा हिशेब करायला लावणारा होता. ऑगस्टात मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्यानं रावणगाव, हसनाळ ही गावं वेढली. माणसं दगावली, जनावरं गेली. सप्टेंबरात मांजरा आणि तेरणा पात्र सोडून शेतात शिरल्या. काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच कोंबारलं. नांदेडच्या जुन्या पुलाशी गोदावरी किती चढली हे लोक तासातासाला विचारत होते. ३५१ मीटर म्हणजे इशारा, ३५४ म्हणजे धोका, हे आकडे तिथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. अशा वेळी झाडांबद्दल लिहायचं तर मन कचरतं. पण जमीन कुठे खरडून गेली आणि कुठे टिकली हे बघत थडीनं चाललं, की बोलणं झाडांवरच येऊन थांबतं.

दिवाळीनंतर औराद शहाजनीच्या बाजूला मांजरेच्या काठावर एका शेतात उभा होतो. शेतमालक साठीचे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. बांधावर त्यांनी पाच-सहा वर्षांमागं लावलेली झाडं होती. खोलगट भागात पाणी बरेच दिवस तुंबून राहिलं होतं. मामा एकेका झाडाला हात लावून सांगत होते, "दसऱ्याला समदी हिरवी होती बघा. आम्हाला वाटलं, वाचली. मग लिंब पिवळे पडले, सुबाभूळ वाळली. शेवगा तर आधीच बसला होता. करंजाला काई झालं न्हाई. उंबराला न्हाई. ह्यांना काय येतं ते ह्यांनाच ठावं."

ह्यांना काय येतं, हा प्रश्न मला तिथून पुढे सोडेना.

गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: पाणी जास्त झालं. पण मुळाला पाणी कितीही मिळालं तरी त्यानं ते मरत नाही, त्याला हवा मिळेनाशी झाली की मरतं. मूळही श्वास घेतं. पानं अन्न करतात, आणि ते अन्न मुळाशी पोचल्यावर ते वापरायला प्राणवायू लागतो. तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाऊस उघडल्यावर तो वाफशाची वाट बघतो म्हणजे नेमकं याचीच बघतो. माती मुठीत दाबून पाहतो. ढेकूळ होतं, पण अंगठ्यानं ढकललं की फुटतं. आत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती वेळ. तेव्हाच तिफण चालते आणि तेव्हाच मूळ सुखात असतं.

पुरानंतर वाफसा लवकर येतच नाही. आपली काळी भारी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यातल्या भेगा मिटतात आणि वरचं पाणी वरच राहतं. प्राणवायू हवेतून जितका झटपट पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. त्यामुळे मातीत उरलासुरला असतो तो मुळं आणि जीवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. त्यानंतर हवेवाचून जगणाऱ्या जीवाणूंचं फावतं. आधी जमिनीतलं नत्र हवेत उडून जातं. मग मँगनीज आणि लोह विरघळून मुळांना विषासारखे भिनतात. पाणी आणखी थांबलं तर मातीला सडक्या अंड्यांचा वास यायला लागतो. चिबड रानात कुदळ मारणाऱ्याला तो वास आणि ती निळसर करडी माती चांगली ओळखीची असते.

मुळाच्या आत या वेळी काय चाललेलं असतं? प्राणवायू नसला तरी मूळ लगेच हार मानत नाही. ते साखर आंबवून जगायला बघतं. पण आंबवण्यातून मिळणारी शक्ती फार तोकडी. जिथे पंधरा भाकरी मिळायच्या तिथे एकीवर भागवावं लागतं, आणि कोठारातली साखर मात्र भराभर संपते. अशा उपाशी मुळाला पाणी ओढायचंही त्राण राहत नाही. म्हणून गुडघाभर पाण्यात उभं असलेलं झाड वरून तहानेनं सुकल्यासारखं दिसतं. पानं आपली छिद्रं मिटून घेतात, कोमेजतात, पिवळी पडतात. अशक्त झालेल्या मुळांत बुरशी शिरते आणि मूळकूज सुरू होते. पपईचं झाड दोन दिवसांच्या तुंबलेल्या पाण्यात जातं. तुरीचंही फारसं वेगळं नाही. अर्धापूरच्या बाजूला हळदीचे कंद सडतात तेही याच वाटेनं.

आपण एकच पूर म्हणतो, पण झाडाच्या वाट्याला दोन येतात. एक धावणारा आणि एक थांबणारा. धावणारा पूर ताकद बघतो. तो लाटेनं, ओंडक्यांनी, गाळानं मारतो. त्याच्यापुढे ताठ उभं राहणारं मोडतं आणि लवणारं तगतं. तुकोबांच्या अभंगातला लव्हाळा मराठी माणसाच्या मनात इतका खोल रुजलाय की पूर म्हटला की आपल्याला हाच पूर आठवतो. नदीच्या खडकाळ पात्रात वाढणारी शेरणीची झुडपं याच जातकुळीची: चिवट लवचीक फांद्या, पाण्याला अडवणार नाहीत अशी अरुंद पानं. पूर अंगावरून गेला की ती पुन्हा सावरून उभी. पण दुसरा पूर, जो शेतात शिरून मुक्कामाला राहतो, त्याच्यापुढे लवूनही उपयोग नसतो. तिथे प्रश्न हवेचा असतो. मामांचे लिंब, म्हणजे कडुलिंब, एकही फांदी न मोडता गेले.

त्या शेताच्या खाली, पात्राच्या अगदी कडेला एक वाळुंज आहे. मोठं नाही, दोन माणसं उंच असेल. पुरानं त्याला खालच्या अंगाला झुकवलं होतं. शेंड्यात काडीकचरा, धाग्यांचे गुंते आणि खताच्या पिशवीचा एक पिवळा तुकडा अडकलेला. खोडावर छातीइतक्या उंचीला गाळाची आडवी रेघ. पाणी बरेच दिवस जिथे टेकून होतं ती. त्या रेघेच्या खाली खोडाच्या सालीतून बोटबोट लांब मुळ्यांचे झुबके बाहेर आले होते. पाणी उतरल्यानं वाळून तपकिरी व्हायला लागलेले, पण टोकं अजून तांबूस गुलाबी. एक झुबका बाजूला सारला तर आत ओला गाळ धरून ठेवलेला. मधल्या जागेत सालीवर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरट भुसभुशीत फोड. नखानं खरवडलं की बोटाला पीठ लागायचं.

मामांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या खोडावर होतं. जमिनीतल्या मुळांची हवा तुटली तेव्हा वाळुंजानं त्यांची आशा सोडून खोडातूनच नवी मुळं काढली. तीही पाण्याच्या वरच्या थरात, जिथे हवा थोडीफार मिसळलेली असते. ते फोड म्हणजे वल्करंध्रं. एरवी सालीवर ती बारीक ठिपक्यांसारखी असतात आणि त्यांतून खोड श्वास घेतं. पूर आला की ती फुगून फुटतात आणि उघडी होतात. त्यांतून शिरलेली हवा सालीखालच्या पोकळ्यांमधून खाली मुळांकडे उतरते. या पोकळ्याही झाड गरज पडली की तयार करतं. मुळाच्या गाभ्याभोवतालच्या काही पेशी स्वतःहून मरतात आणि त्यांच्या जागी हवेच्या वाटा होतात. भाताला हे जन्मजात येतं, म्हणून तो चिखलात वाढतो. थडीवरच्या झाडांना ते वेळ आली की येतं.

आणि वेळ आली हे त्यांना कळतं कसं? अर्धापूरच्या केळीबागायतदाराला इथिलीन हा वायू माहीत असतो. कच्चा माल पिकवणगृहात ठेवून तोच सोडतात. प्रत्येक झाड हा वायू थोडा थोडा तयार करत असतं आणि तो मातीतून हवेत निघून जातो. माती पाण्यानं भरली की त्याची वाट बंद होते, तो मुळाशीच साठतो. तो साठला हीच बातमी. त्यावरून पोकळ्या करायच्या, वल्करंध्रं फुगवायची, नवी मुळं काढायची, हे सगळं सुरू होतं. मला या गोष्टीचं फार आश्चर्य वाटतं. ज्या पाण्यानं श्वास कोंडला त्याच पाण्यानं अडवून धरलेल्या वायूतून सुटकेची खबर मिळते.

ही रंध्रं किती मोलाची हे आंब्यावरच्या प्रयोगांतून दिसलंय. फ्लोरिडात आंब्याची कलमं पाण्यात ठेवून पाहिली. ज्यांच्या खोडावर वल्करंध्रं फुगली ती तगली, ज्यांच्या नाही फुगली ती मेली. तगलेल्यांच्या त्या रंध्रांवर व्हॅसलीनसारखं मलम चोपडून ती बुजवली तर तीही गेली. मराठवाड्यात केशर आंब्याच्या बागा वाढताहेत. पुरानंतर खोडावरचा गाळ लगेच धुऊन काढावा, असं मला यावरून सांगावंसं वाटतं. गाळानंही रंध्रं बुजतातच.

करंजाची रीत थोडी निराळी. तो गंगथडीचं सगळ्यात ओळखीचं झाड. मराठवाड्यात अजूनही गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेच्या काठी करंजाची सावली नाही असं गाव पूर्वी सापडत नसे. त्याची मुळं तुंबलेलं पाणी सोसतात, समुद्रकाठच्या खारट चिखलाजवळही तो उभा राहतो. त्याच्या चपट्या, लाकडासारख्या कडक शेंगेत बहुधा एकच बी असतं आणि ती शेंग पाण्यावर तरंगते. पुरानं झाड बुडतं तेव्हाच त्याची पुढची पिढी प्रवासाला निघालेली असते. अर्जुनाच्या पाच पंखांच्या फळांचंही तसंच. उंबराची फळं पाण्यात पडतात ती मासे खातात. जांभूळ तर रोप असल्यापासूनच बुडून राहायला शिकलेलं. वराहमिहिरानं बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा सांगताना उंबर, जांभूळ, अर्जुन यांचीच नावं घेतली आहेत आणि आपल्याकडचे पाणाडे आजही उंबर दिसला की थबकतात. ज्यांचे पाय पाण्यात असतात अशी झाडं लोकांना फार आधीपासून ठाऊक आहेत.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला किनवटच्या जंगलात ही वाटणी उघड दिसते. तिथे सागाचं राज्य आहे. माथ्यावर, उतारावर सागच साग. पण नाल्याकडे उतरायला लागलं की एका ठिकाणी तो थांबतो. पुढे पांढुरक्या गुळगुळीत सालीचे अर्जुन सुरू होतात, मधूनच कळंब, जांभूळ, उंबर. सागाला पाणी हवं असतं पण साचलेलं सोसत नाही. निचरा नसलेल्या जागी साग लावू नये हे वनखात्यातला नवखा माणूसही जाणतो. त्या एका उतारावर दहा-वीस पावलांत दोन स्वभावांची सीमा आखलेली असते, आणि ती आखणारा फक्त पूर असतो.

झाडांच्या या विद्येचा कळस बघायचा तर ॲमेझॉनकडे जावं लागेल. तिथे मनाउस शहराजवळ नदी दरवर्षी सरासरी दहा मीटर चढते आणि उतरते. काठची अफाट जंगलं वर्षातले सहा-सात महिने पाण्यात उभी असतात. लहान झाडं शेंड्यासकट बुडतात. काही झाडं या काळात पानं टाकून निजतात, काही बुडालेली पानं तशीच सांभाळून ठेवतात. कित्येकांची फळं पूर चढलेला असतानाच पिकतात आणि पाण्यात पडतात. मासे ती खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. व्होल्फगांग युंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलं की अशा नद्यांमध्ये पूर हा अपघात नसतो, ते तिथल्या जगण्याचं स्पंदन असतं. पाणी येण्या-जाण्याच्या तालावर झाडं, मासे, माणसं सगळ्यांचं वर्ष बसवलेलं असतं. तिथल्या झाडाच्या खोडात वर्षाचं वलय उमटतं ते पुरामुळे, कारण पुराच्या महिन्यांत वाढ थांबते. आपल्या सागात वलय उमटतं ते कोरड्या महिन्यांमुळे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाची वलयं मोजून जुन्या मान्सूनचा माग काढतात. एका देशातलं झाड आपल्या खोडात पूर लिहून ठेवतं, दुसऱ्या देशातलं झाड दुष्काळ.

ॲमेझॉनच्या काठावर नवा गाळ पडला की त्यावर आधी उगवणाऱ्यांत वाळुंजाचा एक सख्खा भाऊबंद असतो. हे वाचल्यापासून मांजरेचं ते झुकलेलं झाड मला अधिकच जवळचं वाटायला लागलं. महाराष्ट्रात बारमाही पाण्यात उभं असलेलं जंगल बघायचं तर सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला जावं. तिथे रानजायफळाची झाडं दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळं हवेसाठी गुडघे वर काढून पुन्हा चिखलात शिरतात. गावानं देवराई म्हणून ते राखलं, आता ते जैवविविधता वारसास्थळ आहे.

पण ॲमेझॉन असो की बांबर्डे, तिथल्या झाडाला एकच गोष्ट यावी लागते. पाण्यात राहणं. आपल्या थडीवरच्या झाडाची परीक्षा मला त्याहून कठीण वाटते. मांजरेचंच बघा. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरात उगम पावून, लातूरला वळसा घालून, कर्नाटक-तेलंगणातून फिरून ७२४ किलोमीटरनंतर ती कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. हीच नदी २०१६च्या उन्हाळ्यात इतकी कोरडी होती की लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ला पहिली गाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या एप्रिलात मांजरेच्या काठी जे करंज आणि जे उंबर उभे होते, तेच २०२५च्या सप्टेंबरात कमरेपर्यंत बुडाले. नऊ-साडेनऊ वर्षांत एकाच झाडानं दोन्ही टोकं बघितली आणि त्याला जागचं हलता आलं नाही.

हे जमवायचं म्हणजे मोठी कसरत. पुरात काढलेली वरची मुळं पाणी ओसरल्यावर वाळतात. खोलवरची काही मुळं तोवर कुजलेली असतात. ती उन्हाळ्याच्या आत पुन्हा वाढवायला हवीत, नाहीतर सप्टेंबरात वाचलेलं झाड एप्रिलात जातं. त्यासाठी मुळांत पिठाचा साठा शिल्लक असावा लागतो. पुराच्या दिवसांत जे झाड हात आखडून जगलं त्याच्याकडेच तो उरतो. मग हिवाळाभर मूळ पात्राच्या दिशेनं खाली उतरत राहतं. नदी वरून आटली तरी वाळूच्या पोटात पाणी असतं. बायाबापड्या चैत्रात पात्रात झिरे खणून घागरी भरायच्या त्याच पाण्यावर करंजही जगतो, आणि भर उन्हाळ्यात, सगळं रान करपलेलं असताना, त्याला तजेलदार पोपटी पालवी फुटते. ही पालवी मराठवाड्यात वाढलेल्या प्रत्येकानं पाहिली आहे. तिच्यामागं वाळूतलं पाणी असतं हे मात्र आपण विसरलो.

कारण वाळू राहिली नाही. गोदावरी आणि मांजरेच्या पात्रातून गेल्या काही दशकांत जो उपसा झाला त्यानं नुसतं पात्र खोल गेलं नाही, काठच्या झाडांची उन्हाळ्याची सोय गेली. पूर सोसणाऱ्या झाडाला आपण तहानेनं मारायला लागलो. दुसरीकडे नांगर पार थडीपर्यंत गेला. एक तास अधिक निघावं म्हणून काठचे करंज, अर्जुन, शिंदी तोडल्या, बांध फोडले. मग पूर आला तेव्हा जिथे मुळांची जाळी नव्हती तिथली जमीन खरडून गेली. पंचनाम्यात तिचं क्षेत्र लिहिलं जातं. तिथे पूर्वी कोणतं झाड होतं याचा रकाना त्यात नसतो. मी थडीनं चालताना बघत होतो: करंज-उंबरांची दाट ओळ राहिलेल्या वळणावर काठ जसाच्या तसा होता, आणि पुढच्याच वळणावर, जिथे उसाचं रान थेट पात्राला भिडलेलं, तिथे भिंत कापावी तसा काठ उभा कापला गेला होता.

पाण्याचा तालही बदलला आहे. थडीचं झाड श्रावण-भाद्रपदातल्या पाण्याला तयार असतं, आणि मार्गशीर्षात मुळांना हवा मिळेल या हिशेबानं त्याचं वर्ष चालतं. आता गोदावरीवर आणि मांजरेवर एकापाठोपाठ एक बंधारे, बॅरेजेस आहेत. विष्णुपुरीचा शंकरसागर आहे. धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे असतात आणि मग बंद होतात. म्हणजे जेव्हा नदीनं उतरायचं, तेव्हाच ती तिथे चढून थांबते. या पाण्यावर शेतं आणि शहरं जगतात. बंधारे नकोत असं मी म्हणणार नाही, लातूरकरांची पाण्याची रेल्वे विसरून असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ज्या झाडाला चार महिने पाण्यात राहता येतं त्याला बारा महिने राहता येतंच असं नाही. जलाशयांच्या कडेला वाळके सांगाडे उभे दिसतात ते याचेच. जुना काठ बुडाला असेल तर नव्या काठावर नवी थडी लावावी लागेल, आणि हे काम आपोआप होणार नाही.

आपल्याकडे झाडं लावली जात नाहीत असं नाही. २०१९ला राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला होता. तेव्हा सगळं बोलणं आकड्याचं होतं. कोणतं झाड कोणत्या जागी, हे बोलणं मागं पडलं. त्यातून मराठवाडा म्हणजे दुष्काळ हे समीकरण इतकं पक्कं की रोप निवडताना फक्त तहान सोसण्याचा गुण बघितला जातो. लिंब, सुबाभूळ, गुलमोहर, निलगिरी. माळावर लिंब लावा, त्याच्यासारखं झाड नाही. पण पुराच्या रेघेखाली, चिबड कोपऱ्यात लिंब लावणं म्हणजे ते रोप वाया घालवणं. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याच्याही आत आहे. तिथे नदीकाठ हीच जंगलाची उरलेली जागा आहे, आणि ती दोन-चार झाडं रुंदीची असली तरी पुरे.

कोणती लावायची हे शोधायला लांब जायची गरज नाही. व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९९८ मध्ये करून ठेवला आहे. नांदेडला विष्णुपुरीतच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या आणि गावोगावच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी २०२५च्या पुरात बुडालेल्या पाच-पाच गावांची थडी चालून काढावी. गाळाची रेघ किती उंच, पाणी किती दिवस होतं, कोणतं झाड गेलं, कोणतं राहिलं, एवढंच लिहावं. खोडावरची रेघ एक-दोन पावसाळ्यांत धुऊन जाते. पाणी किती दिवस थांबलं हे सांगणारी माणसं मात्र अजून आहेत, त्यांना विचारून घ्यावं.

आणि ज्यांची जमीन थडीला आहे त्यांना विनंती. पाण्याच्या अगदी कडेला वाळुंज लावा. त्याला रोपवाटिकेची गरज नाही, हिवाळा सरताना काठ ओला असतो तेव्हा मनगटाएवढ्या फांद्या तोडून हातभर खोल रोवल्या की फुटतात. त्याच्या वरच्या ओळीला करंज आणि उंबर. त्यावर अर्जुन आणि जांभूळ. लिंब, आंबा, शेवगा पुराच्या रेघेच्या वर. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून राखावं लागेल आणि उन्हाळ्यात पाणी घालावं लागेल, एवढी मेहनत आहेच. करंजाच्या शेंगा फाल्गुनापासून झाडाखाली पडायला लागतात. त्या वेचून ठेवा आणि मृगाचा पाऊस झाला की थडीला टोकून द्या.